गाडीचे उचंत खाते

राजूर घाटात आमची गाडी तापली तेव्हा मदतीला पाच जण थांबले आणि निदाने सहा झाली. कुणी म्हणे रेडिएटर बदला, कुणी म्हणे पंप. एक जण तर कढत रेडिएटरचे झाकणच उघडायला निघाला. त्याचा हात धरला म्हणून आज तो दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. दाबाखालचे पाणी शंभर अंशांवर गेले तरी उकळत नाही. झाकण निघताच मात्र त्याला सगळे आठवते!

गाडी निववून, पाणी घालून बुलढाणा गाठले. मिस्त्रीने बोनेट उघडण्याआधीच निकाल दिला, "थर्मोस्टॅट काढून फेका साहेब. आपल्या इकडच्या उन्हात काहाले पायजे तो?"

माझे भांडण आहे ते ह्या वाक्याशी. कॉमर्सला आम्हांला शिकवले, तेरीज जुळेना तर फरक तात्पुरता उचंत खात्यात टाका, पण चूक शोधा. आमचे मिस्त्री ह्यातला पूर्वार्धच शिकलेले! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाचा कॅशियर. साधारण ८० ते ९० अंश होईपर्यंत खिडकी उघडत नाही. तो आजारी पडला तर बदली माणूस आणावा. तिजोरी उघडी टाकू नये. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते.

अहो, आधी फुकटची तपासणी तरी करा! गार गाडीत पाणी किती, गळते कुठे, झाकणाचे रबर धड आहे का? गर्दीत तापते नि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा पाहा. वरचा पाइप कढत आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा रेडिएटर चोंदलाय. तेल दुधाळ झाले, तर हेड गॅस्केट.

हे शहाणपण मला नंतर आले. त्या दिवशी मी मान डोलावली. पुढच्याच रविवारी, त्याच घाटात, हेड गॅस्केट गेले आणि त्याबरोबर महिन्याचा पगार. मूळ दुखणे निघाले रेडिएटरचे. संग्रामपूरला बदली असताना खारपाणपट्ट्यातले हापशीचे पाणी मीच त्याला तीन वर्षे पाजले होते. उल्का न पडताच आत लोणार तयार झाले होते.

"आता थर्मोस्टॅट परत बसवा," मी म्हणालो.

"तो तं फेकला नं साहेब!"

उचंत खातेसुद्धा बुडीत निघाले.