एकीचं गाव

"आता गावात आहेच कोण?" बचत गटाच्या बैठकीला खेड्यात गेले, की हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणणाऱ्या आजींच्या आजूबाजूला पंधरा-वीस जणी बसलेल्या असतात, तरी गावात 'कुणी नाही'! अशा वेळी मला मोनोवाय आठवतं.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, गवताळ माळावर १९०२ साली रेल्वे पोचली आणि रुळांच्या कडेला हे गाव वसलं. १९३०च्या दशकात वस्ती दीडशेच्या घरात होती. दुकानं, टपाल कचेरी, शाळा, चर्च, सगळं होतं. पुढे शेतीत मोठी यंत्रं आली, हातांची गरज उरली नाही. पोरं नोकरीसाठी शहरात गेली. १९७४ मध्ये शाळा बंद पडली. ज्या रेल्वेनं गाव वसवलं, तीही गेली. १९८० च्या जनगणनेत माणसं १८, १९९० मध्ये ६, २००० मध्ये फक्त दोन: एल्सी आयलर आणि त्यांचे पती रूडी. २००४ मध्ये रूडी वारले आणि २०१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या लागली, एक!

एल्सीबाईंनी गाव सोडलं नाही. महापौर त्याच, कारकून त्याच, खजिनदारही त्याच. दारूविक्रीचा परवाना मागणाऱ्या त्या आणि त्यावर सही करणाऱ्याही त्याच. पाणी आणि दिव्यांसाठी स्वतःच स्वतःकडून कर वसूल करायच्या. १९७१ पासून चालवलेला त्यांचा खाणावळवजा बार म्हणजे त्या माळावरचा पारच. लांबलांबून शेतकरी गाडी काढून गप्पा मारायला यायचे. रूडींच्या सुमारे पाच हजार पुस्तकांचं त्यांनी छोटंसं वाचनालयही केलं.

गंमत पुढेच आहे. २०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या दोन दाखवली गेली! कुणाची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून तिथे आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतात. एल्सीबाईंना मात्र पक्कं ठाऊक होतं, की गावात आपण एकट्याच आहोत.

मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगून "बघा, बाई एकटी सगळं निभावते" असं मला म्हणायचं नाही. एकटीच्या जिद्दीवर गाव टिकत नाही. तिच्या दारापर्यंत रस्ता होता, नळाला पाणी होतं, दिव्यांसाठी सरकारी पैसा मिळत होता आणि चौकशीला येणारी माणसं होती. म्हणून ती राहू शकली.

आपल्याकडे वडील गेले, की मुलं आईचं सामान बांधायला घेतात. हेतू चांगलाच असतो. पण "आई, तुला कुठे राहायचंय?" हा प्रश्न किती घरांत विचारला जातो? ती गावातच राहते म्हणाली, तर तो हट्ट ठरतो. उद्या एखाद्या वस्तीत चारच म्हाताऱ्या उरल्या, तर "चौघींसाठी कशाला एसटी?" असंही कुणी म्हणेल. तेव्हा आपण गप्प बसायचं नाही.

आणि आजींनो, पुढच्या बैठकीत कुणी विचारलं "गावात आहे कोण?", तर आधी छातीवर हात ठेवून सांगा, "मी आहे की!" मोजणी तिथूनच सुरू होते.