वैमानिकाचा पेशा : काल आणि आज

नकाशावर दिल्लीपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती सौंसरच्या जवळून जाते. पांढुर्णाही तेथून फार लांब नाही. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. त्याच वर्षी एप्रिलपासून साधे पत्रही जादा आकार न पडता विमानाने जाऊ लागले. ती सेवा पुढे बंद झाली; परंतु संत्र्यांच्या या मुलुखावरून विमाने जातच राहिली. प्रश्न एवढाच की, ती चालविणाऱ्यांत या मुलुखातील मुले किती?

या पेशाने पिढीगणिक कूस पालटली आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटे मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात बिनतारी यंत्रदेखील नव्हते. 1937 मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, ती आपल्या इंदूर-ग्वाल्हेरला थांबत जाई. त्या पिढीचा वैमानिक नदी, डोंगर आणि लोहमार्ग यांच्या खुणांवर वाट काढी. रात्रीच्या टपालाची डकोटा विमाने चालविणाऱ्या पिढीजवळ बिनतारी यंत्र आले, तरी पावसाळ्यात सातपुडा ओलांडताना मुख्य भिस्त हाताच्या सवयीवर आणि अंदाजावरच होती. 1953 मध्ये सरकारने आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभारली. नंतर जेट आले, संगणक आले. मार्ग दाखविणारा, संदेश पाठविणारा, यंत्रे सांभाळणारा असे एकेक सोबती विमानातून उतरले, आणि आज पुढच्या कक्षात दोघेच उरले आहेत. त्यांचे कसब हात चालविण्यात कमी आणि यंत्र काय करीत आहे यावर अखंड नजर ठेवण्यात अधिक आहे.

पूर्वीचे ते मर्द वैमानिक आता राहिले नाहीत, असा सूर कधी कधी ऐकू येतो. आम्हांस तो मान्य नाही. धाडसाची जागा शिस्तीने घेतली, हे उतारूंचे भाग्यच म्हटले पाहिजे. शिवाय मर्दानीपणाची ती कल्पनाही मोडली आहे. प्रेम माथुर 1947 मध्येच डेक्कन एअरवेजची विमाने चालवू लागल्या. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ स्त्रिया असलेल्या पथकाचे नेतृत्व करून कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 15 टक्के आहे आणि जगाच्या सरासरीहून ते पुष्कळच जास्त आहे.

स्त्रियांसाठी दार उघडले. तथापि गरिबांसाठी ते अरुंदच राहिले. व्यावसायिक परवान्यास बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, कडक वैद्यकीय तपासणी हवी, इंग्रजीतून परीक्षा हव्यात आणि निदान 200 तासांचे उड्डाण हवे. या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. पुढे विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण निराळेच. ज्याचा आंबिया बहार एका फळगळीने हातचा जातो, त्या बागाईतदाराने एवढी रक्कम कोठून आणावी? शेत गहाण टाकून परवाना मिळविला, तरी नोकरी लगेच लागतेच असे नाही. नागपूरचा फ्लाइंग क्लब मधली काही वर्षे बंद राहून पुन्हा सुरू झाला. सागरजवळ ढाना येथेही उड्डाणाचे शिक्षण मिळते. शाळा लांब नाही, लांब आहे ती फी.

पांढुर्णा आणि सौंसर मिळून ऑक्टोबर 2023 मध्ये नवा जिल्हा झाला. 1956 पर्यंत नागपूर हीच या मुलुखाची राजधानी होती. प्रांतांच्या सीमा बदलल्या, घरातली मराठी बदलली नाही. हे आपलेच लोक आहेत. वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्या पूर्वजांची आठवण आपल्या जुन्या घराण्यांत अजून अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान केवळ सांगण्यापुरता नसावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी मंडळांनी व विश्वस्त निधींनी एकत्र येऊन या जिल्ह्यातील एका लायक मुलास अथवा मुलीस, प्रतिवर्षी नाही तरी दोन वर्षांतून एकदा, बिनव्याजी कर्ज द्यावे. वैद्यकीय तपासणी अगोदर करून घ्यावी, म्हणजे पुढचा खर्च वाया जाणार नाही. आणि परतफेड नोकरी लागल्यानंतरच सुरू व्हावी. पुढे त्या विद्यार्थ्याने फेडलेल्या पैशातून पुढच्याचे शिक्षण व्हावे.

वार लावणाऱ्या घरी रोज एक पान जास्त मांडले जाई, आणि त्यामुळे कोणी दरिद्री झाल्याचे ऐकिवात नाही. आज तेच पान थोडे महाग झाले आहे, इतकेच.