फोटो काढण्यास मनाई आहे

खडकीत बिऱ्हाड करून कॅमेऱ्याचा छंद लावून घेणे म्हणजे मधुमेहाच्या माणसाने हलवायाशेजारी घर घेण्यापैकीच आहे. समोर सगळे दिसते, पण हात लावायची सोय नाही! 1869 सालचा दारूगोळ्याचा कारखाना, सॅपर्स पलटणीच्या बराकी. जिकडे जावे तिकडे भिंत, आणि भिंतीवर पाटी: ‘फोटो काढण्यास मनाई आहे.’

तरीही आमच्यातल्या काहींना हे वेड आहे, आणि तेही मोबाइलचे नव्हे. रोल भरून फोटो काढायच्या जुन्या कॅमेऱ्यांचे. दर रविवारी बाजाराजवळच्या एका घरी आम्ही सहासात जण जमतो. घर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांचे. मंडळींत एक शाळेतल्या बाई आहेत, कॉलेजात शिकणारी दोन मुले आहेत. आजोबांची न्हाणी हीच आमची अंधारखोली. रोल धुताना तिथे मिट्ट काळोख लागतो. कागदावर प्रती काढताना मात्र लाल दिवा चालतो. “अहो, आज कुणाला आंघोळी करायच्या आहेत की नाहीत?” हा आजींचा प्रश्न आला, की आमची सभा विसर्जित होते.

आजोबांचा कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, बडोद्याला तयार झालेला. एका रोलवर फोटो बाराच. मोबाइलवर शंभर काढून नव्व्याण्णव पुसता येतात. इथे चुकलेला फोटोही पैसे घेऊनच जातो. त्यामुळे खटका दाबण्यापूर्वी आपण समोरच्या माणसाकडे जरा नीट पाहतो. एरवी घरच्या माणसांकडे इतके निरखून आपण कधी पाहतो, सांगा पाहू!

फिल्म आता महाग झाली आहे. आपल्या देशात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना 1960 साली स्थापन झाला होता. त्याची ‘इंदू’ फिल्म पुष्कळांना आठवत असेल. आता तो कारखानाही राहिला नाही, आणि परदेशी रोलवरच भागवावे लागते. म्हणून आम्ही रोल वाटून घेतो, रसायने मिळून आणतो, आणि ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला शिकवतो. हा छंद एकट्याने परवडणाराच नव्हे.

आजोबा एकदा म्हणाले, “आमच्या दारूचा आणि तुमच्या फिल्मचा गोतावळा एकच बरे का!” गोष्ट खरी आहे. कापसावर आम्लांची क्रिया करून जो नायट्रोसेल्युलोज मिळतो, तोच बिनधुराच्या दारूत आणि तोच जुन्या फिल्मच्या पट्टीत. 2003 च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात असल्याच फिल्मांना आग लागली, आणि कितीतरी जुने चित्रपट कायमचे गेले. 1950 च्या सुमारास ही पट्टी मागे पडली. पुढची अ‍ॅसिटेटची पट्टी अशी भडकत नाही; पण उष्ण, दमट जागी ती आंबते, तिला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती आक्रसते.

पण आगीपेक्षा आणि दमटपणापेक्षा मोठा शत्रू म्हणजे दिवाळीची साफसफाई! गेल्या वर्षी शेजारचे एक कुटुंब घर बदलत होते. भंगारात निघालेला बिस्किटांचा एक डबा बाईंनी मागून घेतला. आत निगेटिव्ह होत्या. आजोबांनी त्यांतली एक कागदावर ठेवून उजेड दाखवला आणि कागद द्रावणात सोडला. त्या घरची दहा वर्षांची मुलगी वाकून पाहत होती. आधी नुसती राखाडी छटा, मग दोन वेण्या, मग चेहरा. “अगंबाई, ही तर मीच!” ती ओरडली. ती तिची वारलेली आजी होती, शाळकरी वयातली. तिचा लहानपणचा एकही फोटो घरात नव्हता. पाठीमागे एक कौलारू चाळ होती. आज तीही जागेवर नाही. ज्या गावाचे फोटो काढायला मनाई, त्या गावाचे जुने रूप असे घराघरांतल्या डब्यांतच सापडायचे.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा काढाल तेव्हा एवढे करा. निगेटिव्ह कडेने धरा, बोटे मधे लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटांत ठेवा. वास मारणाऱ्या वेगळ्या काढा. पत्र्याखालच्या तापणाऱ्या माळ्यापेक्षा कोरडे कपाट बरे. मोबाइलचा पांढरा पडदा मागे धरून दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या. रंग उलटे केले की चेहरे दिसतील.

मग फराळाच्या वेळी ते चेहरे घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवा, आणि त्या सांगतील ती नावे पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्या. निगेटिव्ह जपली तर आणखी पन्नास वर्षेही टिकेल. नावे सांगणारी माणसे मात्र तितकी थांबणार नाहीत.