पोस्ट पाहिली, पुढे काय?



संकेतस्थळावरच्या लेखाची लिंक पाठवली तर मोजकेच जण ती उघडतात. त्याच विषयावरचे एक चांगले चित्र इन्स्टाग्रामवर टाकले की भराभर लाइक पडतात. म्हणून 'आता लेख कशाला, पोस्टच करूया' असे काही कार्यकर्ते मला म्हणतात. मला ते पटत नाही. इन्स्टाग्राम जरूर वापरावे, पण ते लोकांना वाचनापर्यंत आणण्यासाठी.

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली. गावोगावच्या मुलामुलींनी मेहनतीने जमवलेला प्रेक्षकवर्ग त्या एका निर्णयाने गेला. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. दुसऱ्याच्या जागेवर आपले सगळे सामान ठेवू नये, एवढे मात्र त्यातून शिकता येते. इन्स्टाग्रामची स्टोरी 24 तासांत दिसेनाशी होते. आपल्या संकेतस्थळावरचा लेख काही वर्षांनीही शोधला तर सापडतो.

वाचकाने बाहेर जाऊ नये, अशीच इन्स्टाग्रामची रचना आहे. पोस्टखालच्या मजकुरात लिंक लिहिली तरी ती दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीत द्यावी लागते. स्टोरीत लिंक देण्याची सोय पूर्वी मोठ्या खात्यांपुरती होती. ऑक्टोबर 2021 पासून ती सर्वांसाठी खुली झाली. पिंटरेस्टवर चित्रालाच लिंक जोडता येते, पण आपले तरुण इन्स्टाग्रामवर आहेत. त्यामुळे बहुतेक लोक चित्र पाहून पुढे सरकणार, हे धरूनच चालले पाहिजे. अशा वेळी चित्रावरचे वाक्य एकटे वाचले तरी खरे आणि उपयोगी असले पाहिजे.

मतदार नोंदणीचे उदाहरण घ्या. पूर्वी 18 वर्षे पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी 1 जानेवारी ही एकच तारीख होती. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. नवीन नावासाठी फॉर्म क्र. 6 आणि दुरुस्तीसाठी फॉर्म क्र. 8 भरायचा असतो. एवढी माहिती एका चित्रावर मोठ्या अक्षरांत नीट बसते. पण आधार कार्डावर नाव एका प्रकारे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असेल तर काय करायचे? आपल्याकडे अनेक घरांत हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चित्रावर मावत नाही. त्यासाठी लेखच हवा. चित्राने त्या लेखाची वाट दाखवावी.

याउलट 'नाव नाही, तर हक्क गेला!' असे लाल अक्षरांत लिहिलेले चित्र कदाचित जास्त पसरेल. पण ते पाहून घाबरलेली मुलगी कोणता फॉर्म भरणार? भीती पसरवून मिळालेले लाइक आपल्या कामाचे नाहीत.

काही गोष्टी कायम लक्षात ठेवूया. आपल्या पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवरच्या घरच्या ग्रुपमध्ये जातो, तेव्हा खालचा मजकूर मागेच राहतो. म्हणून संकेतस्थळाचे नाव आणि माहितीची तारीख चित्रावरच लिहावी. दृष्टिहीन वाचकांसाठी 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये चित्राचे वर्णन मराठीत द्यावे. कार्यक्रमातल्या कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय टाकू नये. सभागृहात बसायला तयार असलेली बाई मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाइलवर दिसायला तयार असेलच असे नाही. चित्र चांगले जमावे म्हणून तिच्या घरात वाद का निर्माण करायचा?

आणि हिशेब ठेवायचा तर लाइकचा नको. किती जणांनी लेख उघडला, किती जणांनी पुढचा प्रश्न विचारला, किती जणांचे नाव यादीत लागले, ते पाहूया. हे आकडे लहान असतील, पण काम झाल्याचा पुरावा तेच देतील.

या महिन्यात प्रत्येकाने संकेतस्थळावरचा एक लेख निवडून त्यावर एक चित्र तयार करावे. ते टाकण्यापूर्वी घरातल्या अशा एका माणसाला दाखवावे, ज्याने तो लेख वाचलेला नाही. त्याला काय समजले ते विचारावे. चुकीचे समजले असेल, तर चित्र बदलावे आणि मगच टाकावे.