दोन कुंभार



वसई गावात आमच्या घरामागे एक कॅथलिक कुटुंब राहते. तीन पिढ्यांचा शेजार आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या घरातील धाकटा मुलगा वारला. वय अवघे ४२. शेवटची दहा-बारा वर्षे त्याने चर्चची पायरी चढली नव्हती. आजारपणात धर्मगुरू भेटीस आले, तेव्हाही त्याने भिंतीकडे तोंड फिरविले होते. मी समाचारास गेलो असता त्याच्या आईने मला विचारले, “भाऊ, तुम्ही एवढं वाचता. देवाने त्याला हाकच मारली नसेल का?”

मी म्हणालो, “मावशी, ज्याचं कर्म त्याच्यापाशी.”

त्या काही बोलल्या नाहीत. डोळे पुसून उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

घरी येईपर्यंत मला माझ्या उत्तराची लाज वाटू लागली. उत्तर आपल्या सिद्धान्ताला धरून होते, परंतु ज्या प्रश्नाला ते दिले तो प्रश्नच मला नीट कळला नव्हता. त्यानंतरचे काही आठवडे मी तो समजून घेण्यात घालविले. या महिन्याचे हे टिपण त्यातूनच झाले आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात तारण देवाच्या कृपेने होते, याविषयी दुमत नाही. वाद त्यापुढे सुरू होतो. ती कृपा स्वीकारणे वा नाकारणे माणसाच्या हाती आहे, की ज्यांना तारायचे त्यांची निवड देवाने आधीच केलेली आहे? पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागिअस नावाच्या तपस्व्याने असे मांडले की, देवाने माणसाला सन्मार्गाने जाण्याचे सामर्थ्य दिलेले आहे. ते नसते तर आज्ञा देण्याला अर्थच उरला नसता. हे म्हणणे आपणा जैनांना तत्काळ पटेल. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांना मात्र ते पटले नाही. पापाने वाकलेली इच्छा स्वतःला सरळ करू शकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या तारुण्यात अनुभवले होते. कृपा आधी येते, मग माणूस वळतो, आणि ती कोणाकडे यावी हे देव ठरवितो, असे त्यांचे प्रतिपादन. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागिअसचे मत त्याज्य ठरविले. पुढे सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने ऑगस्टीनचे सूत्र शेवटपर्यंत ताणले: काहींची निवड तारणासाठी, काहींची विनाशासाठी. हॉलंडमध्ये आर्मिनिअसच्या अनुयायांनी याला विरोध केला. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील सभेने त्यांना दोषी ठरविले.

हे सर्व दूरदेशीचे वाटेल. परंतु या वादाचे एक पान आपल्या वसईच्या किल्ल्यातही उघडे पडलेले आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआड फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन अशा निरनिराळ्या संघांची चर्चे उभी राहिली. आज आपण सहलीला जातो तेव्हा एका ओसाड कमानीखालून दुसऱ्या कमानीखाली सहज जातो. जेझुइट कोणते, डॉमिनिकन कोणते, हे कोणी विचारीतही नाही. पण ज्या काळात ही चर्चे गजबजलेली होती, त्याच काळात युरोपात हे दोन संघ याच प्रश्नावरून एकमेकांना पाखंडी म्हणत होते.

१५८८ मध्ये लिस्बन येथे लुईस दे मोलिना या जेझुइट पंडिताचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे की, अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वतःच्या इच्छेने काय करील, हे देवाला आधीच ज्ञात असते. त्या ज्ञानाला अनुसरून तो कृपा देतो, आणि ती सफल होते ती माणसाच्या होकाराने. डॉमिनिकन पंडित बान्येझ यांना हा देवाच्या सार्वभौमत्वावर घाला वाटला. माणसाच्या होकारावर अवलंबून राहणारी ती कृपा कसली? सफल होणारी कृपा स्वतःच्या बळाने सफल होते, आणि माणसाचा होकारही तिचेच फळ असतो. (सोनगडच्या कानजीस्वामींनी क्रमबद्धपर्यायाचा विषय मांडल्यापासून दिगंबर समाजात जी चर्चा झाली, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना मोलिनाचा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. केवलींच्या ज्ञानात सर्व पर्याय झळकतात. मग ते बदलता येतात काय, आणि येत नसतील तर पुरुषार्थ कशाला म्हणावे? वादाची भांडी निराळी, आतले पाणी तेच.)

प्रकरण पोप आठवे क्लेमंट यांच्याकडे गेले व १५९७ मध्ये त्यांनी निर्णयासाठी समिती नेमली. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीस जपानमध्ये नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले, आणि त्यांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांच्या हाताखाली तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, त्यांची सेवा केली. पण संघात घ्यावे ही त्याची विनंती मान्य झाली नाही. काही काळ त्याने व्यापार केला, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश मिळविला आणि पुन्हा जपानला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. जेथे नकार मिळाला तेथे हा माणूस थांबला नाही, हा त्याचा पुरुषार्थ म्हणावा की निवड? वसईचे भाविक त्याच्या सणाला किल्ल्यात जमतात तेव्हा त्यांच्या मनात हा प्रश्न येत नसावा. श्रद्धेला तो येण्याची गरजही नसते.

समितीचे काम कसे संपले, ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. दहा वर्षे खल झाला. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी सांगितले की, दोन्ही पक्षांनी आपापले मत मांडावे, परंतु दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. निर्णय योग्य वेळी दिला जाईल. तो आजतागायत दिला गेलेला नाही. आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा तर स्याद्वादच! मला तसे वाटत नाही. स्याद्वाद प्रत्येक नयाची अपेक्षा सांगतो; येथे केवळ निकाल राखून ठेवला आहे. तथापि राखून ठेवण्यातही एक शहाणपण आहे, आणि ते माझ्यापाशी त्या दिवशी नव्हते.

कारण त्या माउलीच्या दृष्टीने पाहा. बान्येझचे खरे मानावे, तर सफल होणारी कृपा देवाने तिच्या मुलाला दिली नाही. मोलिनाचे खरे मानावे, तर ती मुलाने नाकारली. एका उत्तराने देव दुरावतो, दुसऱ्याने मुलगा दोषी ठरतो. मी दिलेले उत्तर दुसरेच होते, आणि तेही जिच्याकडे दाद मागावी अशी करुणा वगळून.

या सगळ्या वादात सर्वाधिक आधार घेतला जातो तो पौलाच्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाचा. घडा कुंभाराला जाब विचारू शकतो काय, एकाच गोळ्यातून एक भांडे मानाचे व दुसरे साध्या वापराचे करण्याचा त्याला अधिकार नाही काय, असे पौल विचारतो. हे वाचताना उपासकदशांगातील सद्दालपुत्त आठवल्यावाचून राहत नाही. पोलासपूरचा हा कुंभार गोशालकाच्या नियतिवादाचा अनुयायी. हे घडे प्रयत्नाने होतात की प्रयत्नावाचून, असे भगवान महावीरांनी त्याला विचारले. मताला जागून तो म्हणाला, प्रयत्नावाचून. सर्व नियत आहे. भगवंतांनी पुढे विचारले, मग कोणी तुझे घडे फोडले, तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर? मी त्याला शासन करीन, असे तो म्हणाला आणि स्वतःच्या शब्दांत सापडला. पौलाच्या दृष्टान्तात माणूस माती आहे, आगमात माणूस कुंभार आहे. दोन धर्मांतील अंतर याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

पण येथेच थांबून आपण समाधान मानावे, असे मला वाटत नाही. आपल्याकडे अभव्य जीव आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात भव्यत्व व अभव्यत्व हे पारिणामिक भाव सांगितले आहेत. म्हणजे ते कर्माच्या उदयाने आलेले नाहीत आणि क्षयाने जाणार नाहीत. अंगारमर्दक आचार्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पाचशे शिष्यांचा गुरू, क्रिया निर्दोष, आणि जीव अभव्य. का? याला उत्तर नाही. निवडणारा ईश्वर आपण मानीत नाही, तरीही न निवडलेले आपल्याकडेही आहेत. कॅल्व्हिनला कठोर म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

आपल्या परंपरेत यावर एक दिलासा सांगितला जातो: मी भव्य असेन की अभव्य, अशी शंका ज्याला पडते तो भव्यच, अभव्याला ती पडतच नाही. आणि कॅल्व्हिनच्या मार्गाने जाणारे धर्मोपदेशकही निवडीच्या चिंतेने खंगणाऱ्यांना जवळजवळ हेच सांगत आले: ही चिंता कृपेचीच खूण आहे. दोघांनी एकमेकांना विचारून ठरविलेले नव्हते.

पौलाचा तो अध्याय मी सुबोध बायबलमध्ये पुन्हा वाचला, तेव्हा पूर्वी निसटलेले एक स्थळ लक्षात आले. त्याची सुरुवात सिद्धान्ताने होत नाही. स्वतःचे यहुदी भाईबंद ख्रिस्तापासून दूर राहिले, या दुःखाने ती होते. त्यांच्याऐवजी आपण शापित झालो तरी चालेल, असे तो म्हणतो. शिवाय कुंभाराचा दृष्टान्त यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातही येतो. तेथे चाकावरचे भांडे बिघडते, आणि कुंभार ती माती टाकून देत नाही. तिचेच दुसरे भांडे घडवितो.

महिन्याच्या मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा त्या घरी गेलो. प्रथम म्हणालो, “मावशी, त्या दिवशी मी घाईने बोललो.” त्यांनी हात हलवून तो विषय बाजूला सारला. मग मी यिर्मयाच्या कुंभाराविषयी सांगितले. “हे आमच्या बायबलात आहे?” त्यांनी विचारले. फडताळातून ग्रंथ काढला, पण चष्मा काही सापडेना. नातीने सुकेळीची बशी माझ्यापुढे ठेवली. मावशींनी पुस्तक माझ्या हाती दिले व म्हणाल्या, “तुम्हीच वाचा, भाऊ. जरा मोठ्याने वाचा, ह्यांनाही ऐकू जाऊ दे.” आतल्या खोलीत त्यांचे यजमान पडून होते. मी अठरावा अध्याय काढला आणि वाचू लागलो.