पुरात रिमोटची पेट्रोल बोट कामाला येईल का?

सप्टेंबर 2025 च्या पुरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम भागात लोकांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. मदत येईपर्यंत अडकलेल्या माणसाकडे दोरी तरी न्यायची, तर हौशी मंडळींची रिमोटवरची पेट्रोल बोट चालेल?

लोहारा तालुक्यातल्या माकणी धरणात वारा सुटला की लाटा उठतात. अशा पाण्यासाठी बोट घेताना वेग नाही, तळ बघा. खोल व्ही आकाराचा तळ लाट कापतो, सपाट तळ आपटतो. लांबी मीटरभर, झाकण घट्ट, पोटात फोम हवा. इंजिन बहुधा 26 सीसीचं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल आलंच. ('गॅस बोट' हे अमेरिकन नाव, सिलिंडरशी संबंध नाही.)

घोडं अडतं ते माणसाजवळ पोहोचल्यावर. बोट उलटली की इंजिनात पाणी जाऊन ते बंद. आणि मागचा उघडा पंखा? तो दोरीत गुंततो, हात कापतो. 2016 मध्ये ग्रीसच्या लेस्बॉस बेटाजवळ निर्वासितांसाठी वापरलेली 'एमिली' ही रिमोट बोट म्हणूनच वेगळी होती: बॅटरीवर चालणारी, उघड्या पंख्याऐवजी जेट पंप असलेली, धरून तरंगता येईल अशी. आपत्ती निधीतून घ्यायचीच असेल, तर अशी घ्यावी. पेट्रोलवाली हौसेलाच बरी.