भगवानदादांची बोधकथा करणे थांबवा

१/ भगवानदादांचे नाव निघाले की आपण एकच गोष्ट सांगतो : समुद्राकाठचा बंगला, दाराशी मोटारींची रांग आणि अखेरीस दादरची चाळ. गोष्टीचा शेवट खरा आहे. पण तिलाच इतिहास म्हणणे हा अभ्यासाचा आळस आहे.

२/ भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३चा. वडील गिरणी कामगार. स्वतःही मजुरी केलेली. १९३८मध्ये ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शन, मग दशकभर कमी खर्चाचे मारधाडपट, १९४२मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था, १९४७मध्ये चेंबूरला स्टुडिओ. ‘अलबेला’ आला १९५१मध्ये. म्हणजे त्याआधीची तेरा वर्षांची दिग्दर्शकीय कमाई बोधकथा गिळून टाकते.

३/ याच वाटचालीत त्यांनी सी. रामचंद्रांना संगीतकार म्हणून उभे केले. रामचंद्र नरहर चितळकर आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. ‘नागानंद’मध्ये नायक झाले, मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजवली. १९४२च्या ‘सुखी जीवन’चे संगीत त्यांना भगवानदादांनीच दिले.

४/ ‘अलबेला’त विनोदी नट नायक झाला, त्याचा आवाज खुद्द संगीतकाराने दिला, आणि जाझ वाद्यवृंद पडद्यावर आला. त्या वृंदाचा प्रमुख चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, हा हळदोण्याचा गोमंतकीय ट्रम्पेटवादक. आपल्या संगीतेतिहासात त्याला किती ओळी मिळाल्या?

५/ आक्षेप ठरलेला आहे : ‘उसनी, उडती पाश्चात्त्य गाणी!’ मग ‘अलबेला’नंतर दोनच वर्षांनी ‘अनारकली’च्या चाली कोणी बांधल्या? ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल कोणी दिली? याच चितळकरांनी. त्यांची गंभीर गाणी संस्कृतीच्या खाती आणि नाचरी गाणी करमणुकीच्या, ही वाटणी आपली आहे. त्यांनी ती कधी केली नाही.

६/ जपानकडे पाहा. फ्रँकी साकाई अमेरिकी सैनिकांच्या क्लबांत जाझचे ड्रम वाजवीत पुढे आला आणि विनोदी नट झाला. त्याचा १९५७चा ‘बाकुमात्सु ताइयोदेन’ तेथील समीक्षक सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांत गणतात. ताल अंगी मुरलेला विनोदी नट तेथे अभ्यासाचा विषय ठरतो. येथे त्याच्यावर हळहळले जाते.

७/ आणि ऱ्हासाचे काय? निर्माता, दिग्दर्शक, नट आणि पैसा लावणारा एकच असेल, तर चित्रपट पडताच घरही कोसळते. हा धंद्याच्या रचनेचा प्रश्न आहे. आपण मात्र त्यातून उधळेपणाचा धडा काढतो, कारण गिरणगावातला माणूस बंगल्यात गेल्याचे आपल्याला अजून पचलेले नाही. नंतरची कित्येक वर्षे त्यांनी मिळेल ती छोटी भूमिका केली. त्या कष्टांनाही आपण केवळ दैन्य म्हटले.

८/ २००२मध्ये ते गेले. मारधाडपटांच्या उरल्यासुरल्या प्रती, जाहिराती, पगारपत्रके, गोमंतकीय वादकांच्या स्वरलिप्या यांचा शोध हे खरे काम आहे, आणि त्याला आधीच उशीर झाला आहे. मराठवाड्यातील इतिहास विभागांनी ते फक्त मुंबईवर सोपवू नये. पुणतांबे आपल्यापासून फार लांब नाही.